पुलावरून पडलेला इन्स्पेक्टर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं काहीही विचारा, तीन-तीन दिवस कुणी तोंड उघडत नाही. परवा मात्र तळमजल्यावरच्या शिंदेंनी टाकलं की ‘नौ चाबियाँ’ आता मोबाईलवर एकदम स्वच्छ प्रिंटमध्ये आलाय, आणि माझा फोन ओट्यावर थरथरत पार सिंकच्या कडेला गेला. कुणी म्हणतंय, गाणी सोडून बघा. कुणी म्हणतंय, गाणीच बघा. एकाने लिहिलं, “आमच्या हिने चारदा विचारलं हा कोण, मी चारही वेळा वेगळं सांगितलं.” एकीचं म्हणणं, इतके स्टार एकाच सिनेमात घालायचे म्हणजे कुणालाच धड चव लागत नाही. मी तव्यावर पोळी टाकून वाचत होते आणि वाचता वाचता एका उत्तराची वाट बघत होते. आता येईल, आता येईल. पोळी करपली तेव्हा लक्षात आलं, तो नंबर आता ग्रुपवर नाही.

वाघमारे काका गेल्या पावसाळ्यात गेले. कोलशेतला, लेकीच्या घरी, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मरण मात्र सुखाचं आलं हो, असं सगळे म्हणाले. माझं डोकं तेव्हा सगळ्या जगावरच फिरलेलं होतं.

मानपाडा रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ते, आणि त्यांच्या समोर आम्ही. टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. सत्तरी ओलांडलेली, तरी चाल ताठ, शर्ट इस्त्रीचा, आणि आवाज इतका खणखणीत की हा माणूस नोकरीत फोनशिवायच बोलत असणार असं माझा नवरा म्हणायचा. बायको शालनकाकू आम्ही राहायला यायच्या आधीच गेलेल्या. एकुलती मुलगी प्राची लग्न होऊन ठाण्यात. बुद्धपौर्णिमेला काका स्वतः खीर करायचे आणि डबे घेऊन अख्ख्या विंगमध्ये फिरायचे. डबा हातात देता देता तोच एक प्रश्न. “‘नौ चाबियाँ’ पाहिलाय का? काय वाटलं?”

मी राहायला आले त्या दिवशी मलाही विचारलेला. अजून टेम्पोतून गादी उतरायची होती. मी घामाघूम, दोन्ही हातांत कुंड्या, आणि हे गृहस्थ जिन्यात उभे. मी म्हटलं, “नाही पाहिला, आणि आत्ता बघायला वेळ पण नाही.” असं तोडून बोलल्यावर दुसरा माणूस बाजूला झाला असता. हे खूश. “नाही पाहिला? वा, मग तर तू भाग्यवान आहेस. रविवारी ये चहाला.”

गेलो. सुटका नव्हती.

आता हा सिनेमा काय आहे ते सांगायला हवं, आणि तिथेच तर सगळी पंचाईत आहे. एक जहाज. जहाजात तिजोरी. तिजोरीला नऊ चाब्या, त्या नऊ जणांकडे, आणि त्या नऊमधले निम्मे एकमेकांचे भाऊ आहेत हे त्यांना माहीत नाही. सत्तरच्या दशकात जेवढे म्हणून हिरो मोकळे होते तेवढे सगळे घेतलेले, आणि कुणी रुसायला नको म्हणून प्रत्येकाला एक गाणं, एक मारामारी आणि एक आई दिलेली. व्हिलन आहे शेठ. त्याचा एक डोळा काचेचा, आणि तो डोळा कधी डावा असतो तर कधी उजवा. हेलिकॉप्टर आहे, कव्वाली आहे, मगरी आहेत. आणि एक इन्स्पेक्टर आहे. हा इन्स्पेक्टर नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

हा सिनेमा ज्यांनी पाहिला ते सगळे सांगतात ते असं. इन्स्पेक्टर शेठच्या अड्ड्यावर जातो, शेठशी हात मिळवतो, त्याच्याकडून एक चावी घेतो. मग पुढे पुलावर त्याला गोळी लागते, तो खाली नदीत पडतो आणि मरतो. म्हणजे गद्दार होता, मेला, सुंठीवाचून खोकला गेला. काका मात्र एकटे उलटं सांगायचे. आधी पुलावर गोळी लागते, नदीत पडतो, सगळ्यांना वाटतं मेला. आणि त्यानंतर तो शेठच्या अड्ड्यावर उगवतो, हात मिळवतो, चावी घेतो. म्हणजे मेलाच नाही. मेल्याचं सोंग करून शेठच्या टोळीत घुसलेला, खरा हिरो तो.

“मग नंतर कुठे जातो तो?” मी विचारलेलं.

“शेवटी जहाजाला आग कोण लावतो, दाखवलंय का? नाही दाखवलेलं. तोच लावतो. डायरेक्टरने पब्लिकच्या अकलेवर सोडलंय.”

टीव्हीवर लागायचा तेव्हा तर इन्स्पेक्टर सरळ मरायचा. काका म्हणायचे, टीव्हीवाले कापतात, वाटेल तसं जोडतात. व्हिडिओ कॅसेट? कॅसेटवाले तर चोरच. मोबाईलवर? “कुणीतरी एडिट केलाय. आजकाल कुणीही उठतो आणि एडिट करतो.”

एवढा एक इन्स्पेक्टर सोडला तर दुसऱ्याचं मत खोडून काढायचं नाही, हा त्यांचा नियम. मत कितीही येडं असो, ते आधी मान डोलावायचे, मग डोळे मिटून त्याची चव घ्यायचे. त्यांच्या मते बघणारे तीन प्रकारचे. झोपणारे, गाणी आली की बाहेर जाणारे, आणि सगळं समजलं म्हणणारे. “या तिसऱ्यांपासून जपून राहा,” मला म्हणाले. “ज्याला एकदा बघून समजला, त्याने बघितलेलाच नाही.”

एकदा फ्लशची टाकी बघायला प्लंबर आलेला. काकांनी त्याला पाच मिनिटं म्हणून बसवला आणि सिनेमा लावला. प्लंबर इंटरव्हलपर्यंत हलला नाही. खालच्या शिंदेंच्या बाथरूममध्ये छतातून पाणी ठिबकतंय, शिंदे खालून बोंबलतायत, वर हे दोघं मांडी घालून जहाज बघतायत. शेवटी शिंदे स्वतः वर आले तेव्हा प्लंबर उठला आणि जाता जाता म्हणाला, “काका, नौ चाबी का इतना लफडा काय को? ताला तोड देने का.” काका आठवडाभर हे सांगत फिरत होते. भाजीवालीला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, शिंदेंना तर दोनदा. “इतक्या वर्षांत हे एकाही शहाण्याला सुचलं नाही रे.” शिंद्यांच्या छताला अजून डाग आहे.

आणि तिसऱ्या मजल्यावरची ऋतुजा. लग्न होऊन आली तशी सासूच्या आधी काकांनी तिला चहाला बोलावलं. बिचारी नवी साडी सांभाळत पावणेतीन तास बसली. मत विचारलं तर म्हणाली, “काका, हिरॉइनला पहिल्यापासून माहितीये की गुंड मागे लागणारेत, मग दर वेळी हिल्स कशाला घालते? एक साधी चप्पल घातली असती तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता.” काका उभे राहिले. खरंच उभे राहिले हो, आणि तिला म्हणाले, “तू या बिल्डिंगचं नाव काढणार.” ऋतुजा मला नंतर म्हणाली, सासरी आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसले.

काकांचा एकच खरा शत्रू होता. करंदीकर. एका कंपनीत ऑडिटर होते, मूळचे ठाण्याचे, बोलणं छापील. हे दोघं रोज संध्याकाळी वॉचमनच्या केबिनशेजारच्या बाकावर बसायचे आणि भांडायचे.

“अहो वाघमारे, तो इन्स्पेक्टर मृत्यू पावतो. मी ठाण्यात चित्रपटगृहात बसून स्वतः पाहिलं आहे.”

“आणि मी कल्याणला काय बाहेर उभा होतो? मी पण थेटरातच बघितलाय. शालन होती बाजूला.”

“मग आपली स्मरणशक्ती आपल्याला फसवते आहे.”

“माझी? मला अजून अख्ख्या डोंबिवलीचे जुने फोन नंबर पाठ आहेत. तुमच्या सासुरवाडीचा सांगू?”

सांगायचे, आणि तो बरोबर असायचा. दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू.

मग एका डिसेंबरात मला जिन्यात गॅसचा वास आला. त्यांच्या दारावर थापा मारल्या. काका आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेले, आणि स्वयंपाकघरात शेगडी नुसतीच चालू, वर भांडं नाही, ज्योत नाही. मी खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. ते शांतपणे म्हणाले, “मी बंद केलेला.” पुढच्याच पंधरवड्यात दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं. तेव्हाही तेच. “मी बंद केलेला, स्मिता. कुणीतरी चालू केला असेल.” घरात एकटा माणूस. कोण चालू करणार?

मी प्राचीला फोन केला. करायलाच हवा होता. प्राची म्हणजे काकांचाच साचा, तेच कपाळ, तोच आवाज, फक्त दमलेला. ठाण्यात नोकरी, कोलशेतला खाडीकडच्या टॉवरमध्ये घर, शाळेत जाणारी मुलगी, आणि आता दर रविवारी डोंबिवली. “पप्पा, माझ्याकडे चला,” ती म्हणायची. “मला काय झालंय?” ते म्हणायचे. ती गॅसचं बोलायची, ते म्हणायचे मी बंद केलेला. हे असं रविवारमागून रविवार. ती त्यांना कंटाळलेली नव्हती बरं का. ती घाबरलेली होती.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सकाळी झेंडावंदन, मुलांच्या शर्यती आणि संध्याकाळी मिसळ असते. त्या वर्षी करंदीकरांनी कमिटीत ठराव आणला की मिसळीनंतर हॉलमध्ये पडद्यावर ‘नौ चाबियाँ’ दाखवावा. सेन्सॉरच्या सर्टिफिकेटपासून ‘समाप्त’पर्यंत, पूर्ण. “सर्टिफिकेटवरील लांबीशी मी ताडून पाहिलं आहे. एक फूटही कापलेला नाही. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.” काका म्हणाले, लागू दे. नवा शर्ट घालून आले. प्राचीही आलेली.

काय धमाल आली सांगू. अख्खी सोसायटी सतरंजीवर. प्रत्येक हिरो आला की शिट्ट्या, प्रत्येक आई आली की हुंदके काढायची नक्कल. काचेचा डोळा बदलला की मुलं ओरडायची, “डावा, डावा.” मग इन्स्पेक्टर शेठच्या अड्ड्यावर गेला. हात मिळवला. चावी घेतली. मग पूल आला. गोळी. नदी. आणि पाण्यातून काढलेलं प्रेत, तोंडावरून चादर. करंदीकरांनी तिथेच रिमोटने थांबवलं.

“बघा, वाघमारे.”

काका उठून पडद्याजवळ गेले. वाकून बघत राहिले. “हे पुढे-मागे केलंय,” म्हणाले. “आधी पूल असतो. पूल आधी.” लोक हसले, मायेनेच हसले, पण हसले. काका परत म्हणाले, आता जरा चढ्या आवाजात, “पूल आधी असतो. मी पाहिलाय.” आणि तेव्हा मागून प्राची बोलली. अगदी हळू, पण हॉल शांत झालेला होता.

“पप्पा, पुरे ना. तुम्हाला सिनेमाही चुकीचा आठवतोय, आणि गॅस बंद केलेलाही चुकीचाच आठवतोय.”

काका चपला घालून वर गेले. करंदीकरांचा चेहरा एवढासा झाला. पुढचा सिनेमा कुणी पाहिला नाही.

त्यानंतर काकांनी मतं विचारणं सोडलं. बाकावर जाणं सोडलं. दूधवाला बदलला, नवा मुलगा आला, त्यालाही काही विचारलं नाही. प्राचीने ठरवून टाकलेलं होतं. मार्चमध्ये त्यांना कोलशेतला न्यायचं, आधी डॉक्टरांना दाखवायचं, घर भाड्याने द्यायचं. काका कशालाच नाही म्हणत नव्हते, आणि तेच मला बघवत नव्हतं.

एक दिवस मी मुगाची खिचडी घेऊन गेले. टीव्ही बंद, ते नुसते बसलेले. म्हणाले, “बस जरा. एक विचारू? आमचं नुकतंच ठरलेलं तेव्हा आम्ही तो सिनेमा बघायला गेलेलो. शालन अख्खा सिनेमाभर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. लाजत होती. मग तो इन्स्पेक्टर पुलावरून पडला, ती रडली. आणि मग तो परत आला ना शेठच्या अड्ड्यावर, तेव्हा हिने माझं मनगट गच्च धरलं आणि म्हणाली, ‘अहो, हा तर जिवंत आहे.’ आमच्यातलं पहिलं वाक्य ते.” मग स्वतःच्या मनगटाकडे बघत म्हणाले, “आता तुम्ही सगळे म्हणता तो परत येतच नाही. मग शालन ते कधी बोलली? की ते पण मीच बनवलं?”

मी खिचडीवर तूप घालत बसले. घरी येऊन मात्र भांडी अशी आपटली की नवरा विचारायला आला, कुणावर रागावलीस. मला तरी कुठे माहीत होतं.

मग मामी आली. माझी सख्खी मामी, कल्याणची, हॉस्पिटलात नर्स होती, आता रिटायर. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेली. शनिवार होता, समोर प्राची खोके भरत होती, दार उघडंच. मामीने विचारलं, “समोरचे कुठे चालले?” मी सांगायला लागले आणि चिडून चिडून सगळंच सांगितलं, गॅस, सिनेमा, इन्स्पेक्टर. मामी बिस्कीट चहात बुडवत ऐकत होती.

“पण मरतो कुठे गं तो?” ती म्हणाली.

“कोण?”

“इन्स्पेक्टर. पुलावरून पडतो, आपल्याला वाटतं मेला. मग शेठकडे जातो ना, हात मिळवायला? आम्ही मैत्रिणी किती टाळ्या वाजवलेल्या.”

“मामी, तू कुठे बघितलास?”

“कल्याणलाच. दादा तिथे बुकिंगला होता, आम्हाला पास मिळायचे.”

मी तिला कपासकट उठवली. समोर नेली, काकांच्या पुढ्यात बसवली, आणि म्हटलं, बोल, जे मला सांगितलंस तेच परत बोल. मामी बोलली. काका तिच्याकडे बघतच राहिले. प्राची हातात वर्तमानपत्रात अर्धा गुंडाळलेला पेला घेऊन उभी. नवऱ्याला मी करंदीकरांना आणायला पिटाळलं. ते बनियनवर शर्ट चढवत आले, बटणं वरखाली.

मामी म्हणाली, “थांबा, दादालाच विचारू.” फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिचा दादा नव्वदीला टेकलेला, ऐकायला कमी, त्यामुळे तिकडून आवाज असा आला की काकांनासुद्धा तोड नाही. मामीने ओरडून ओरडून विचारलं, नऊ चाब्यांचा सिनेमा आठवतो का, त्यात तो पूल आधी का नंतर. पलीकडून खो खो हसणं.

“तो घोळ तुला कुणी सांगितला?” दादा म्हणाला. “अगं, प्रिंट एकच आलेली. आम्हाला आणि उल्हासनगरच्या थेटरला मिळून एक. इथे एक रीळ संपलं की डबा स्कूटरवर टाकून तिकडे, मग तिकडून इकडे. त्या धावपळीत दोन डब्यांची झाकणं बदलली. ऑपरेटर झाकणावरचा नंबर बघून रीळ लावणार. मागचं आधी लागलं, आधीचं मागून.”

“मग कुणाच्या लक्षात नाही आलं?” करंदीकरांनी विचारलं.

“आलं की. तीन दिवसांनी आलं. मॅनेजरने विचारलं, पब्लिक काय म्हणते? मी म्हटलं, पब्लिक काय म्हणणार, मेलेला इन्स्पेक्टर परत आला म्हणून टाळ्या पडतायत, शिट्ट्या पडतायत. तो म्हणाला, मग राहू दे तसंच. सिनेमा उतरेपर्यंत तसाच चालला.”

आणि हे अगदी खरं आहे हो. त्या काळी सिनेमात मेलेला माणूस परत आला तर कुणी शंका घ्यायचं नाही. न आला तरच लोक तिकिटाचे पैसे परत मागायचे. अख्खं कल्याण आणि अर्धं उल्हासनगर तो दुसराच सिनेमा बघून खुशीत घरी गेलं.

काकांनी फोनजवळ तोंड नेलं. “टाळ्या पडायच्या ना?”

“कान फाटायचे,” दादा म्हणाला.

काका मागे टेकले. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसत पण नव्हते. “बोलली होती,” एवढंच म्हणाले. बाकीच्यांना कळलं नाही. मला कळलं, आणि मी मामीच्या पदरात तोंड खुपसून घळाघळा रडले. मामी बिचारी विचारतेय, अगं सिनेमाच ना तो?

करंदीकर उभ्या उभ्याच म्हणाले, “म्हणजे वाघमारे, आपण इतकी वर्षं दोन वेगळे चित्रपट पाहून भांडत होतो.”

“मग? मी कुठे म्हणतो तुम्ही खोटं बोलता? तुमचं ठाण्यापुरतं बरोबर आहे.”

प्राची जमिनीवर खोक्याशेजारी बसली. “सॉरी, पप्पा,” म्हणाली. “राहा तुम्ही इथेच. मी काहीतरी बघते. सगळ्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं.”

काकांनी तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि तोच नीट गुंडाळायला लागले. “ऐक. सिनेमाचं माझं बरोबर होतं. गॅसचं तुझं बरोबर आहे.” तिने वर बघितलं. “बंद केला असं मला वाटतं. मग उठून जाऊन बघतो. परत येऊन बसतो, आणि बघितलं की नाही तेच आठवत नाही. रोजचं आहे हे. पण एक कबूल केलं असतं तर तुम्ही सगळंच खोटं ठरवलं असतं. शालनचं पण. आता ते कुणी खोटं म्हणणार नाही ना? मग येतो मी. घेऊन चल.”

आम्हाला सगळ्यांना वाटत होतं आपण जिंकलो, काका राहणार. आणि या माणसाने जिंकल्यावरच हार मानायची असं ठरवलेलं होतं. मला तर तेव्हा त्यांचा रागच आला.

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही हॉलमध्ये कल्याणचा सिनेमा लावला. रिमोट घेऊन करंदीकर बसले, पूल आधी दाखवला, मग मागे येऊन अड्डा. किती मन लावून तालीम केलेली त्यांनी, जराही चुकले नाहीत. इन्स्पेक्टर नदीत पडला. हॉल चिडीचूप. आणि मग अड्ड्याचं दार उघडलं, तोच इन्स्पेक्टर आत आला, कोरड्या कपड्यात, भांग पाडलेला, आणि हॉलमध्ये जो काय कल्ला उठला तो रस्त्यावर ऐकू गेला. शिंदे नाचले. ऋतुजा खुर्चीवर चढली. प्राचीने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की तिची मुलगी बघतच राहिली. काका सतरंजीवर मधोमध बसलेले, डावा हात उजव्या मनगटावर ठेवून.

त्यांना पोचवायला मीही गेले. प्राची गाडी चालवत होती, काका पुढे, मी मागे कुंड्या धरून. शीळफाट्याला नेहमीसारखं अडकलो, तेवढ्यात काकांनी शेजारच्या टेम्पोवाल्याला खिडकीतून विचारून घेतलं. त्याने पाहिलेला नव्हता. “मोबाईलवर बघ, पण ते खरं धरू नकोस,” काका म्हणाले आणि सिग्नल सुटला.

कोलशेतला टॉवरच्या लॉबीत सोफे, थंडगार हवा. प्राची पहिल्या खेपेचं सामान घेऊन वर गेली. सोफ्यावर ट्रॅकसूट घातलेले एक आजोबा पेपर वाचत होते. काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मला हायसं वाटलं, कारण प्रश्न आलाच. आजोबांनी पेपर खाली केला. “पाहिलाय की. इथेच, ठाण्यात. तो इन्स्पेक्टर मरतो, तोच ना?”

“मरतो?” काका सावरून बसले. त्यांच्या तोंडावर जी चमक आली ती मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. “साहेब, तुम्हाला वेळ आहे ना? नाही, मला पुरावा द्यायचाय. साक्षीदार बरोबर आणलाय मी. ही बघा, हिच्या मामीचा भाऊच त्या थेटरात होता. ही आमची...” आणि थांबले. माझ्याकडे बघत होते, हसत होते, हात माझ्याकडे केलेला तसाच. “ही आमच्या समोरची. ही आमची...”

“स्मिता,” मी त्या आजोबांना म्हटलं.

“हां, स्मिता,” काका म्हणाले आणि पुढे सुरू झाले. एकच प्रिंट, स्कूटर, झाकणं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी निघते म्हटलं तर त्यांनी ऐकलंसुद्धा नाही, ते तेव्हा पुलावर होते. काचेच्या दाराबाहेर येऊन मी वळून बघितलं. आजोबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवलेला, आणि काका दोन्ही हातांनी हवेत रिळं लावत होते.

मागून प्राची धावत बाहेर आली. “स्मिताताई, थांबा ना, चहा तरी. सगळं आलं ना हो? पप्पा काही विसरले नाहीत ना?”

“काही नाही,” मी म्हटलं आणि रिक्षाला हात केला.